दुकानातून गायब झालेली टेदरिंग ॲप्स: व्हेरायझन आणि सी ब्लॉकच्या अटीचं प्रकरण

2011 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या व्हेरायझन वायरलेसच्या ग्राहकांच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला पुरवणारी, म्हणजे टेदरिंगची, ॲप्स अँड्रॉइड मार्केटमध्ये सापडेनाशी झाली होती. गूगलच्या ॲप दुकानाचं तेव्हाचं नाव अँड्रॉइड मार्केट. गूगल प्ले हे नाव 2012 मध्ये आलं. फोनवर ॲपचं नाव टाकून शोधलं तरी ते निकालात येत नव्हतं. बनवणाऱ्याने ते मागे घेतलं नव्हतं. दुसऱ्या देशातल्या माणसाला तेच ॲप त्याच दुकानातून उतरवून घेता येत होतं. फोन स्वतःचा, डेटाचे पैसे भरलेले, आणि तरीही मधल्या मध्ये कोणीतरी ठरवलं होतं की ही वस्तू या ग्राहकाच्या नजरेस पडू द्यायची नाही.

मोबाइल कंपन्या फोनच्या सोयी कापतात ही तक्रार जुनीच आहे. 2004 मध्ये याच कंपनीने मोटोरोलाचा व्ही710 विकायला आणला. ब्लूटूथ असलेला फोन म्हणून लोकांनी तो हौसेने घेतला, आणि मग कळलं की ब्लूटूथवर हेडसेट चालतो, पण फोटो किंवा फाइल संगणकावर पाठवण्याची सोय बंद करून ठेवलेली आहे. फोटो बिनतारी पाठवायचा तर कंपनीच्या पैसे पडणाऱ्या सेवेतूनच. कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. पण त्या भांडणाचा सगळा भर जाहिरातीवर होता: जे सांगून विकलं ते दिलं नाही. फोनची सोय कापण्याचा कंपनीला अधिकारच नाही, असं म्हणायला तेव्हा हातात काही नव्हतं.

2011 मध्ये होतं. व्हेरायझनने ज्या लहरींवर आपलं 4जी उभं केलं, त्या लहरींना एक लेखी अट जोडलेली होती. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं. नियम स्पष्ट असताना कंपनीने अडवणूक कशी केली, ती कुणी आणि कशी उघड केली, आणि शेवटी ग्राहकाच्या पदरात काय पडलं, हे तिन्ही इथे लख्ख दिसतं.

वीस डॉलर कशाचे

टेदरिंगसाठी व्हेरायझन महिन्याला 20 डॉलर वेगळे घेत असे. त्या सेवेचं नाव मोबाइल ब्रॉडबँड कनेक्ट. फोनमध्ये मुळातच दिलेला हॉटस्पॉट चालू करायला गेलं की फोन आधी कंपनीच्या यंत्रणेला विचारायचा, या ग्राहकाने ती सेवा घेतली आहे का. उत्तर नाही असं आलं तर हॉटस्पॉट सुरू व्हायचाच नाही. अँटेना फोनचा, बॅटरी फोनची, वायफायची चिप फोनची. चालू करायची परवानगी मात्र कंपनीची.

बाहेरून घेतलेली टेदरिंग ॲप्स या विचारणेच्या वाटेलाच जात नव्हती. पीडीएनेटसारखं ॲप फोनवर साध्या ॲपसारखं चालायचं, लॅपटॉपवर त्याचा जोडीदार प्रोग्रॅम बसवायचा आणि दोघांमध्ये यूएसबीची वायर. लॅपटॉपची प्रत्येक मागणी फोनवरचं ॲप स्वतःची मागणी म्हणून नेटवर्कवर पाठवायचं. फोन रूट करण्याची, म्हणजे त्याच्या यंत्रणेत खोल हात घालण्याची, गरज नव्हती. सामान्य माणसाला जमेल इतकं ते सोपं होतं, आणि कंपनीच्या डोळ्यांत खुपण्याचं कारणही तेच असावं.

कंपनीचं म्हणणं असं, की लॅपटॉप जोडणारा ग्राहक नुसता फोन वापरणाऱ्यापेक्षा जास्त डेटा ओढू शकतो, म्हणून त्याने जास्त पैसे द्यावेत. अमर्याद डेटा 30 डॉलरला मिळत होता तोवर या युक्तिवादात दम होता, हे मान्य करायला हवं. एकाच रकमेत कितीही वापरा असं सांगितल्यावर जास्त ओढणाऱ्याचा भार बाकीच्यांवर पडतो. पण 7 जुलै 2011 पासून व्हेरायझनने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद केला. त्यानंतर 2 जीबीला 30 डॉलर, 5 जीबीला 50, 10 जीबीला 80, आणि मर्यादा ओलांडली की प्रत्येक जीबीला 10 डॉलर. आता प्रत्येक जीबी मोजून विकला जात होता. पाणी मीटरने विकायचं आणि वर कळशीने भरलं तर वेगळे पैसे मागायचे, असला तो प्रकार झाला. 2 जीबी घेणाऱ्याने ते फोनच्या पडद्यावर संपवले काय आणि लॅपटॉपवर संपवले काय, टॉवरवर पडणारा भार तोच. तरीही वेगळं शुल्क मीटरवाल्या ग्राहकांनाही चालूच राहिलं. या एका गोष्टीने कंपनीची बाजू पुढे कोसळली.

लहरींबरोबर आलेली अट

थोडं मागे जायला हवं. अमेरिकेतलं टीव्ही प्रसारण ॲनालॉगवरून डिजिटलवर जाणार म्हणून 700 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मोकळ्या होणार होत्या. या लहरी लांबवर जातात, भिंतींतून आत शिरतात. थोड्या टॉवरमध्ये मोठा प्रदेश झाकता येतो. कुठल्याही मोबाइल कंपनीला हव्याहव्याशा वाटाव्यात अशाच. त्यांचा लिलाव दूरसंचाराचं नियमन करणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, करणार होतं.

2007 च्या जुलैमध्ये गूगलने एफसीसीला कळवलं की चार अटी घातल्या तर आम्ही किमान 4.6 अब्ज डॉलरची बोली लावू. ग्राहकाला हवं ते ॲप चालवता यावं, हवं ते उपकरण जोडता यावं, नेटवर्कची क्षमता घाऊक दराने इतरांना विकली जावी आणि दुसऱ्या इंटरनेट कंपन्यांना त्या नेटवर्कशी जोडून घेता यावं. अध्यक्ष केव्हिन मार्टिन यांच्या एफसीसीने 31 जुलै 2007 ला पहिल्या दोन अटी स्वीकारल्या, उरलेल्या दोन सोडल्या. त्याही फक्त सी ब्लॉक नावाच्या 22 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरत्या. व्हेरायझनने सप्टेंबरमध्ये याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि पुढच्याच महिन्यात ती याचिका मागे घेतली.

लिलाव 24 जानेवारी 2008 ला सुरू झाला आणि 18 मार्चला संपला. सी ब्लॉकची राखीव किंमत 4.6 अब्ज डॉलर होती. ती गाठली नाही तर पट्टा खुलेपणाच्या अटींशिवाय पुन्हा लिलावात जाणार होता. गूगलने राखीव किंमत गाठली जाईल एवढी काळजी घेतली आणि मग व्हेरायझनने सुमारे 4.74 अब्ज डॉलरला जवळजवळ देशभराचा हा पट्टा घेतला. म्हणजे अट माहीत होती, तिच्याविरुद्ध कोर्टात जाऊन झालं होतं, आणि सगळं समजून उमजून बोली लावली होती. पुढे काहीही युक्तिवाद झाला तरी ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

अटीची शब्दरचना मला फार महत्त्वाची वाटते. परवानाधारकाने ग्राहकाला त्याच्या पसंतीचं उपकरण किंवा ॲप वापरण्याची क्षमता नाकारायची नाही, तिला मर्यादा घालायची नाही, तिच्यावर निर्बंध आणायचा नाही. अपवाद दोनच: नेटवर्कच्या रक्षणासाठी खरोखर लागणारे आणि आधी प्रसिद्ध केलेले तांत्रिक निकष, आणि कायद्याने सांगितलेली गोष्ट. शिवाय आपण विकलेल्या फोनमधल्या सोयी बंद करायच्या नाहीत आणि तो दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर चालू नये म्हणून लॉक करायचा नाही. तक्रारदाराने प्रथमदर्शनी प्रकरण उभं केलं की आपले निकष वाजवी आहेत आणि ते नीट लावले आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर. ग्राहकाकडे नेटवर्कची आतली माहिती कधीच नसते, म्हणून पुराव्याचं ओझं असं उलटवणं हाच या नियमाचा कणा आहे.

डेटा जास्त लागतो या सबबीचाही एफसीसीने 2007 च्या आदेशातच विचार करून ठेवला होता. एखादं ॲप किंवा उपकरण जास्त बँडविड्थ मागेल एवढ्याच कारणावरून ते बाहेर ठेवता येणार नाही. मागणी आवरायची तर नेटवर्कची क्षमता वाढवा, नाहीतर वापरानुसार दर लावा; पण ते दर बाहेरची ॲप्स वापरणाऱ्याला वेगळं वागवणारे नकोत. चार वर्षांनी कंपनी जे बोलणार होती, त्याचं उत्तर आधीच छापून तयार होतं.

5 डिसेंबर 2010 ला व्हेरायझनने 38 शहरांत एलटीई, म्हणजे आपलं 4जी, सुरू केलं ते याच सी ब्लॉकवर. 2011 च्या मार्चमध्ये एचटीसी थंडरबोल्ट हा त्यांचा पहिला एलटीई फोन आला. त्या दिवसापासून खिशात एलटीई फोन घेऊन फिरणारा ग्राहक या अटीच्या छत्राखाली होता. बहुतेकांना ते माहीतही नव्हतं.

इथे एक विषमता नोंदवायला हवी. अट लहरींना होती, मोबाइल सेवेला नव्हती. एटी अँड टी या दुसऱ्या बड्या मोबाइल कंपनीच्या ग्राहकाला हे छत्र नव्हतंच. डिसेंबर 2010 मध्ये एफसीसीने इंटरनेटच्या खुलेपणाचे नियम केले, पण मोबाइलसाठी ते सौम्य ठेवले: वेबसाइट अडवायच्या नाहीत, आणि कंपनीच्या स्वतःच्या व्हॉइस किंवा व्हिडिओ कॉलशी स्पर्धा करणारी ॲप्स अडवायची नाहीत, एवढंच. टेदरिंगचं ॲप यात बसत नाही. एटी अँड टीने मार्च 2011 मध्ये परवानगीशिवाय टेदरिंग करणाऱ्यांना कळवलं की थांबा, नाहीतर तुम्हाला आपोआप महागड्या टेदरिंग प्लॅनवर टाकू. त्या ग्राहकांना दाद मागायला जागा नव्हती. तसाच फोन, तसंच ॲप, आणि हक्क कोणत्या पट्ट्यावर सिग्नल येतो यावरून ठरणार. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

कुलूप फोनला नव्हतं

आता अडवणूक नेमकी कुठे झाली ते पाहू.

टेदरिंग ओळखण्याचे काही तांत्रिक मार्ग कंपनीकडे असतात. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक टप्पा तो एकाने कमी करतो. अँड्रॉइड फोन स्वतः पाठवतो तेव्हा हा आकडा 64 पासून सुरू होतो, विंडोज संगणक 128 पासून सुरू करतो. फोन नुसता रस्ता म्हणून वापरला तर संगणकाचं पॅकेट नेटवर्कच्या दारात 127 आकडा घेऊन येतं. मागे कोणीतरी बसलंय हे लगेच कळतं. पण वर सांगितलेल्या प्रकारच्या ॲपमध्ये फोन स्वतःच नवी मागणी तयार करतो, त्यामुळे पॅकेटवर फोनचाच आकडा असतो. नेटवर्कच्या टोकाला उभं राहून असं टेदरिंग खात्रीने पकडणं अवघड. फोनमध्ये घुसून ॲप बंद पाडावं तर सी ब्लॉकचा नियम आडवा येतो.

उरतं दुकान. अँड्रॉइड मार्केटमध्ये ग्राहकाची मोबाइल कंपनी पाहून ॲप दाखवायचं की लपवायचं हे ठरवणारी गाळणी होतीच. फोनला हात लावायचा नाही, नेटवर्कवर काही अडवायचं नाही. दुकान चालवणाऱ्याला एवढंच सांगायचं की आमच्या ग्राहकांना ही ॲप्स दाखवू नका.

एटी अँड टीने 2010 मध्ये विकलेल्या आपल्या अँड्रॉइड फोनमधून मार्केटबाहेरची ॲप्स बसवण्याचा पर्यायच काढून टाकला होता. ती अडवणूक ढळढळीत होती. सेटिंग्ज उघडली की तो पर्याय नाही हे कोणालाही दिसे. व्हेरायझनच्या फोनमध्ये तो पर्याय शाबूत होता. जाणकार माणूस ॲप बनवणाऱ्याच्या साइटवर जाऊन फाइल उतरवून घेऊ शकत होता. याच गोष्टीवर कंपनीचा पुढचा सगळा बचाव उभा राहिला: आम्ही कोणाला ॲप वापरण्यापासून रोखलंच नाही.

हा बचाव मी गंभीरपणे घेतो, कारण तो खोटा नाही. पण नियमात 'नाकारणे' हा एकच शब्द नव्हता, 'मर्यादा घालणे' हाही होता. ज्या माणसाला हे ॲप अस्तित्वात आहे हेच कळू दिलं जात नाही, त्याला ते वापरण्याची मोकळीक आहे असं कोणत्या अर्थाने म्हणायचं? अनोळखी ठिकाणची फाइल बसवू नका, असं याच फोनची सेटिंग्ज दटावून सांगतात. ते ऐकणाऱ्या सावध ग्राहकासाठी दुकान हीच एक वाट होती आणि तीच बंद केली गेली.

गूगलची भूमिका इथे बोचते. 2007 मध्ये ज्या कंपनीने खुल्या ॲप्सची अट पुढे रेटली, तिच्याच दुकानातून 2011 मध्ये ॲप्स लपवली गेली. मधल्या काळात, ऑगस्ट 2010 मध्ये, गूगल आणि व्हेरायझनने मिळून इंटरनेटच्या नियमांचा एक प्रस्ताव मांडला होता आणि त्यात मोबाइलला बहुतेक बंधनांतून वगळलं होतं. अँड्रॉइड तेव्हा अमेरिकेत पसरत होतं ते मोठ्या प्रमाणावर व्हेरायझनच्या दुकानांमधून. विकणाऱ्याला दुखवायचं नाही असा तो काळ. सी ब्लॉकचा नियम मात्र परवानाधारकापुरता होता. दुकानदाराला तो लागू नव्हता. म्हणून पुढच्या चौकशीत गूगल आरोपी नव्हतं.

तक्रार ते तडजोड

6 जून 2011 ला फ्री प्रेस या नागरी संघटनेने एफसीसीकडे तक्रार दिली. व्हेरायझनने गूगलला सांगून टेदरिंग ॲप्स ग्राहकांपासून लपवली आणि हे सी ब्लॉकच्या अटीचं उल्लंघन आहे, असं तीत म्हटलं होतं. एका ग्राहकाने कस्टमर केअरला फोन करून हे घडलं नसतं. तिथल्या माणसाला सी ब्लॉक हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही, आणि ग्राहकालाही नाही. नियमाचं कलम, लिलावाचा इतिहास, 2007 च्या आदेशातला बँडविड्थचा परिच्छेद हे सगळं एकत्र मांडायला त्या विषयात मुरलेली माणसं लागली.

एफसीसीच्या अंमलबजावणी विभागाने चौकशी सुरू करून कंपनीला खुलासा मागितला. खुलाशात कंपनीने जास्त डेटा ओढण्याच्या क्षमतेचं कारण दिलं. पण तो खुलासा देताना कंपनी मोजून डेटा विकत होती आणि त्या ग्राहकांकडूनही वेगळं शुल्क घेत होती. एफसीसीने नेमकं हेच दाखवून दिलं.

31 जुलै 2012 ला तडजोड जाहीर झाली. तारीख योगायोगाची असेल, पण अट मंजूर झाली त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. व्हेरायझनने सरकारी तिजोरीत साडेबारा लाख डॉलर भरायचे. ॲप दुकान चालवणाऱ्याला कळवायचं की या ॲप्सना आमची हरकत राहिलेली नाही. वापरानुसार पैसे भरणाऱ्या ग्राहकांना बाहेरच्या ॲपने टेदरिंग करू द्यायचं, वेगळं शुल्क न घेता. कर्मचाऱ्यांना सी ब्लॉकच्या नियमांचं प्रशिक्षण द्यायचं. ग्राहकांना कोणती ॲप्स मिळावीत याबद्दल ॲप दुकानाशी होणारा संवाद आधी कंपनीच्या वकिलाने तपासायचा. आणि दोन वर्षांत कुठे नियम मोडला गेला तर ते एफसीसीला स्वतःहून कळवायचं.

कंपनीने आपल्या निवेदनात हा विषय एका कर्मचाऱ्याच्या ॲप दुकानाशी झालेल्या संवादापुरता असल्याचं म्हटलं आणि ग्राहकांना आम्ही कधी अडवलं नाही हे पुन्हा सांगितलं. यातला पहिला भाग मी कितीदा तरी वाचला आहे. तो खरा धरला तर देशातल्या सगळ्यात मोठ्या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांच्या नजरेआड ॲप्स करायला एका माणसाचा निरोप पुरतो. बैठक नको, ठराव नको, जाहीर धोरण नको. वकिलाने संवाद तपासण्याची अट म्हणूनच मला दंडापेक्षा मोलाची वाटते. ती अडवणुकीच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवते.

दंडाचं काय? 4.74 अब्ज डॉलरच्या परवान्यापुढे साडेबारा लाख म्हणजे दर 10,000 डॉलरला सुमारे 2 डॉलर 64 सेंट. 20 डॉलरच्या हिशेबाने पाहिलं तर 62,500 ग्राहकांचं एका महिन्याचं टेदरिंग शुल्क. कंपनीच्या मोबाइल जोडण्या होत्या 9 कोटींहून अधिक. ज्यांनी मीटरवर डेटा घेऊन वर वेगळे पैसे भरले, त्यांना परत काही मिळालं नाही. रक्कम तिजोरीत गेली. एफसीसीने इथे हात आखडता घेतला असं माझं स्पष्ट मत आहे. निदान 7 जुलै 2011 नंतर मीटरवाल्या ग्राहकांकडून घेतलेलं शुल्क परत करायला लावणं शक्य होतं आणि न्यायाचंही.

वेळही पाहण्यासारखी आहे. तडजोडीच्या महिनाभर आधी, 28 जून 2012 ला, व्हेरायझनने शेअर एव्हरीथिंग हे नवे प्लॅन आणले होते आणि त्यात हॉटस्पॉट अंतर्भूतच होता. म्हणजे नव्या ग्राहकांपुरतं जे सोडायला लावलं, ते कंपनीने बऱ्याच अंशी आधीच सोडलेलं होतं. जुन्या अमर्याद प्लॅनवर टिकून राहिलेल्यांकडून टेदरिंगचं शुल्क घ्यायची मुभा तडजोडीतही राहिली. ज्यांना त्याची झळ सगळ्यात जास्त होती ते तिथेच राहिले. वरच्या माझ्याच युक्तिवादाने पाहिलं तर ही मुभा चूक म्हणता येत नाही, पण 2007 च्या आदेशाने दरात भेदभाव नको असंही म्हटलं होतं, आणि त्या दोन्हींचा मेळ एफसीसीने कधी उलगडून सांगितला नाही.

इतर दारं

याच लहरींवर, याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. त्या थोडक्यात सांगतो, कारण टेदरिंगइतका सरळ निकाल तिथे लागला नाही.

डिसेंबर 2011 मध्ये व्हेरायझनचा गॅलेक्सी नेक्सस आला, पण गूगल वॉलेट हे फोनने पैसे देण्याचं ॲप त्यावर नव्हतं. कंपनी म्हणाली, हे साधं ॲप नाही, ते फोनमधल्या सुरक्षित चिपला हात घालतं. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल यांचा आयसिस नावाचा स्वतःचा पेमेंटचा उपक्रम तेव्हा यायचा होता. स्टॅनफर्डच्या प्राध्यापक बार्बरा व्हान शेविक यांनी एफसीसीला पत्र लिहून सी ब्लॉकच्या नियमाकडे लक्ष वेधलं. आयसिसचं पुढे सॉफ्टकार्ड झालं आणि 2015 मध्ये त्याचं तंत्रज्ञान गूगलनेच विकत घेतलं. ग्राहकाची मधली वर्षं मात्र गेली ती गेलीच.

2013 च्या शरदात एलटीईचा नेक्सस 7 टॅबलेट आला. व्हेरायझनच्या लहरी पकडू शकणारं ते उपकरण, पण आमचं प्रमाणपत्र नाही म्हणून कंपनी ते नोंदवून घेईना. दुसऱ्या टॅबलेटवर आधीच चालू असलेलं सिम त्यात घातलं की मात्र इंटरनेट सुरू व्हायचं. नेटवर्कच्या रक्षणाचा प्रश्न असता तर तेही चाललं नसतं. प्रमाणपत्र फेब्रुवारी 2014 मध्ये मिळालं. तांत्रिक निकषांचा अपवाद किती ताणता येतो ते इथे दिसतं: नाही असं कधी म्हणायचंच नाही, तपासणी चालू आहे एवढं म्हणत राहायचं.

फोन लॉक न करण्याची अट मात्र बराच काळ चोख पाळली गेली. सप्टेंबर 2012 मध्ये व्हेरायझनचा आयफोन 5 घेतलेल्यांना तो दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही चालतो असं आढळलं. एटी अँड टीचं सिम घातलं की कॉल आणि 3जी डेटा चालायचा. एलटीई नाही, कारण दोघांचे बँड वेगळे. त्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. फोन तसाच विकला जात होता, कारण नियम तसा होता.

2018 मध्ये व्हेरायझनने चोरीचं कारण देत फोन सुरू होईपर्यंत ते लॉक ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्याची ओळख वापरून फोन उचलायचे आणि बाहेर विकायचे, हा प्रकार खरोखर होता. फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने एफसीसीकडे नियमातून सवलत मागितली आणि त्याच जूनमध्ये ती मिळाली: नेटवर्कवर सुरू झाल्यापासून 60 दिवस फोन लॉक ठेवता येईल, त्यानंतर तो आपोआप मोकळा व्हायला हवा, हप्ते बाकी असले तरीही.

सवलतीतला 'आपोआप' हा भाग 2026 पर्यंत होता, आणि तो टिकायला हवा होता असं मला वाटतं. टेदरिंगच्या प्रकरणात नियम पूर्णपणे ग्राहकाच्या बाजूने होता, तरी ॲप्स गायब झाल्याचं कोणाच्या तरी लक्षात यावं लागलं, संघटनेला कलमं काढून तक्रार लिहावी लागली आणि त्यानंतर वर्षाहून अधिक वाट पाहावी लागली. आपोआप अनलॉकमध्ये यातलं काहीच लागत नव्हतं. कस्टमर केअरला फोन नाही, फॉर्म नाही, मंजुरी नाही. 60 दिवस भरले की ग्राहक दुसऱ्या कंपनीचं सिम घालू शकत होता.